भागिरथाबाईंचा डावा हात

प्रसेनजितच्या स्टुडिओत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर अर्थातच भिवाजी बसले. भागिरथाबाईंना प्लॅस्टिकचं स्टूल मिळालं. इतक्या वर्षांच्या संसारात याहून वेगळं काही होईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. त्या स्टुलावर बसल्या आणि खोली बघू लागल्या. बघण्यासारखं काही नव्हतं. वाशीमच्या पाटणी चौकामागे मोबाइलच्या दुकानावरची दहा बाय दहाची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आणि टेबलावर एक लॅपटॉप. याला स्टुडिओ म्हणायचं.

प्रसेनजित हा धाकट्या दिराचा मुलगा. इंजिनिअरिंग अर्धवट टाकून 'साउंड डिझायनर' झालेला. म्हणजे काय, असं बाईंनी त्याला एकदा विचारलं होतं. उत्तर अर्धा तास चाललं. कळलं एवढंच, की मुलगा जुन्या वाद्यांचे आवाज लॅपटॉपमधून काढतो, आणि आवाज जितका जुनाट तितका तो खूश.

आज त्याला १९८६ सालचा आवाज हवा होता. त्या साली भिवाजींच्या गायन पार्टीची कॅसेट निघाली होती. तिच्यातलं शाळेच्या पायरीवरचं भीमगीत वऱ्हाडात बरंच वाजलं, आणि गाण्यापेक्षाही लोकांच्या लक्षात राहिला तो तिसऱ्या कडव्यातला वाद्याचा सूर. वर चढून हळूच खाली ओघळणारा, रडवेला. प्रसेनजित येत्या जयंतीला ते गाणं नव्यानं काढणार होता. पोस्टरही तयार होतं. सकाळी मेडशीहून येताना एसटीत भिवाजींनी ते मोबाइलवरून वाचून दाखवलं, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात : 'मूळ गायक व सिंथवादक : भिवाजी पडघान.'

गायक ठीक होतं. वाद्य मात्र भिवाजींनी आयुष्यात वाजवलं नव्हतं. ते वाजवलं होतं भागिरथाबाईंनी, आणि आज त्या नवऱ्यामागे वाशीमला आल्या त्या तेवढ्या एका ओळीसाठी. ती ओळ छापून लोकांत गेली की ती कायमची, हे त्यांना समजत होतं. बाई सत्तरीच्या होत्या.

वाद्य आणलं भिवाजींनी, हे खरं. मुंबईच्या कुण्या ऑर्केस्ट्रावाल्याचं जुनं, जपानी सिंथेसायझर, एका वेळी एकच सूर देणारं. पार्टीत त्याला कॅसिओ म्हणत. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या आणि मागे वायर असली की तो कॅसिओ. पार्टीचा पेटीवाला इंद्रभान त्याला हात लावेना, करंट लागेल म्हणाला. भिवाजींनी दोन दिवस पट्ट्यांवर बोटं आपटली आणि यंत्र खराब असल्याचं जाहीर केलं. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात पेटी शिकलेल्या बाईंनी ते तिसऱ्या दिवशी वाजवलं. यंत्र खराब नव्हतंच, फक्त तापलं की सुरावरून सरकायचं. एप्रिलचं ऊन, वर मांडवातले हॅलोजन, तासाभरात सूर भलतीकडे. म्हणून बाई उजव्या हातानं वाजवत आणि डावा हात सूर जुळवायच्या बटणावर ठेवत. केसभर इकडे, केसभर तिकडे, कार्यक्रम संपेपर्यंत. अशी बारा वर्षं. उजवा हात लोकांना दिसे. डावा यंत्राच्या आड असे.

कॅसेट निघाली तेव्हा नावाचा प्रश्न आला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. "तुह्यं नाव छापलं तं नोटीस येईन," भिवाजी म्हणाले, "सरकारी माणसाले परवानगी लागते." भिवाजी स्वतः पंचायत समितीत लिपिक होते. त्यांच्या नावाला नोटीस आली नाही. पुढे बाई निवृत्त झाल्या, नोटीस काढणारं कुणी उरलं नाही, तरी नाव दुरुस्त झालं नाही. उलट भिवाजी मोबाइलवाल्या पोरांना मुलाखती देऊ लागले. 'मी वाजवत होतो तेव्हा' अशी त्यांची वाक्यं सुरू होत. बाई स्वयंपाकघरातून ऐकत आणि वरण जरा जास्तच घोटत.

प्रसेनजितनं लॅपटॉपवर वाद्याचं चित्र उघडलं. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, मध्ये बटणं, कोपऱ्यातल्या स्क्रूवर थोडा गंज.

"हा गंज काहून काढला?" बाईंनी विचारलं.

"ओरिजिनल लूक, मोठी आई."

"अन् हे बटण कायचं?"

"हे विंटेज. हे फिरवलं का सूर थोडा हालते, खरखर येते. जुन्या मशिनीवानी."

"म्हंजे बिघाड."

"बिघाड नाई, कॅरेक्टर. लोक याचेच तं पैसे देतात."

बाईंनी चष्मा पुसला. ज्या बिघाडाशी त्या मनगट दुखेपर्यंत झगडल्या तो आता विकत मिळत होता, आणि घेणारे स्वतःला जाणकार म्हणवत होते. खरं यंत्र भंगारात गेलं तेव्हा यांच्यातला एकही जाणकार दारात आला नव्हता.

दीड तास तेच चाललं. प्रसेनजित बटण फिरवी, तिसरं कडवं वाजवी, मान हलवी. सूर थरथरत होता, पण भलत्याच जागी. ओघळत तर नव्हताच.

"मोठेबाबा, तुमी कसं काढलं हे?"

भिवाजींनी डोळे मिटले. मुलाखतीत मिटत, तसेच. "ते अंतरातून या लागते, बेटा. मशीन तापली का तिचा जीव बोलते. मी फक्त बोटं ठेवली."

"कोणत्या हाताची?" बाई म्हणाल्या.

"काय?"

"बोटं. कोणत्या हाताची ठेवली?"

भिवाजींनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुले एसटीची घाई असंन तं तू हो समोर."

"एसटी साडेचारची हाये. सरक रे प्रसेनजित."

लॅपटॉपला पट्ट्यांचा एक हातभर कीबोर्ड जोडलेला होता आणि बाजूला फिरत्या बटणांची छोटी डबी. बाईंनी दोन्ही पुढ्यात ओढलं. "सूर जुळवायचं बटण या डबीवर दे मले. अन् ते तुह्यं विंटेज बंद कर."

"बंद?"

"पूर्ण बंद. अन् कॅसेटीतला मोठेबाबाचा आवाज तेवढा ऐकव. वेगळा काढता येते म्हणत होता ना?"

येत होता. बाईंनी हेडफोन अंबाड्यावरून कसाबसा बसवला. भिवाजींचा पस्तिशीतला आवाज तिसऱ्या कडव्यात वर चढला, वरच्या सुराला टेकला आणि नेहमीप्रमाणे तिथे टिकला नाही. दम संपत आला तसा खाली घसरू लागला. बाईंचा उजवा हात चाल वाजवत होता. डावं मनगट त्या आवाजाबरोबर वळलं, केसभर, मग आणखी केसभर.

प्रसेनजितनं चहाचा कप खाली ठेवला. तोच सूर होता. त्यानं गळ्याची आणि वाद्याची रेघ पडद्यावर एकाखाली एक लावली. दोन्ही एकाच जागी वाकत होत्या.

"मोठी आई, हे मशिनीचं नाईच."

"मशीन त्या दिवशी थंड होती. अकोल्याले रेकॉर्डिंगच्या खोलीत कूलर लावला होता."

"मंग सूर खाली कायले आणला?"

"गाणाऱ्याचा सूर पडून राह्यला होता. मी जाग्यावर राह्यली असती तं साऱ्या वऱ्हाडाले समजलं असतं, का पार्टीप्रमुख बेसूर हायेत. म्हणून त्यायच्यासंगं मीबी खाली उतरली. लोकायले वाटलं, दर्द हाये."

भिवाजी खुर्चीतून उठले, परत बसले.

"त्या दिवशी मले सर्दी होती," ते म्हणाले.

"बारा वर्षं होती," बाई म्हणाल्या. त्यांनी हेडफोन काढला. "प्रसेनजित, पोस्टरवरची वादकाची ओळ बदल. बदलायची नसंन तं मी आता वाजवलं ते पुसून टाक, अन् त्या गंजक्या बटणानं काढ तुह्यं गाणं."

प्रसेनजितनं मोठेबाबांकडे पाहिलं. पोस्टर जयंती कमिटीला पाठवून झालं होतं. मंचावर 'जुन्या काळातले सिंथवादक' म्हणून भिवाजींचा सत्कार ठरला होता, शालसुद्धा आणून ठेवली होती. पण कडवं बाईंशिवाय निघत नव्हतं, हे त्यानं दीड तास भोगलं होतं.

"टाक तिचं नाव," भिवाजी म्हणाले. "मी कधी नाई म्हटलं?" नाही ते खरंच म्हणाले नव्हते. नोटीस म्हणाले होते. मग आवाज उतरवून, बायकोच्या चपलांकडे बघत, "पण ते सुराचं कोठी सांगू नोको. त्या गाण्याखाली लिहू नोको."

आता आपल्याला या माणसाची कीव येईल असं बाईंना वाटलं. त्यांनी थोडी वाट पाहिली. आली नाही. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी ह्यांचा पडता सूर झाकला, आणि ह्यांनी त्यांचं नाव. त्यातलं पहिलं प्रेमानं केलं होतं की पार्टीची लाज राखायला, हे त्यांना आता आठवतही नव्हतं.

"मी नाई सांगत," त्या म्हणाल्या. "ज्याले कान हायेत त्याले तसंबी ऐकू येते."

प्रसेनजितनं पोस्टर उघडलं. 'मूळ गायक : भिवाजी पडघान' ही ओळ वेगळी केली, खाली नवी ओळ घेतली आणि टाइप केलं : 'सिंथवादक : भागिरथा भिवाजी पडघान.' मतदार यादीत, रेशन कार्डावर, बँकेत सगळीकडे असंच लिहितात. त्यानं विचारही केला नाही. भिवाजींनी मान पुढे काढून ओळ वाचली, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मधलं काढ," बाई म्हणाल्या.

"मधलं?"

"आडनाव राहू दे, पेन्शनच्या कागदावर तेच हाये. मधलं काढ."

"पण पूर्ण नाव तं असंच लिहितात, मोठी आई."

"मधी कोणी वाजवत नव्हतं."

प्रसेनजितनं सहा वेळा बटण दाबलं. भिवाजी काना-वेलांटीसकट एकेक अक्षर जाताना बघत राहिले.