सुटं केलेलं कलम

गफूरभाई गेल्याचं कार्ड हातात पडलं तेव्हा त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांच्या मुलानं ते हैदराबादहून उर्दूत लिहिलं होतं. मी निजामाच्या अमदानीत शिकलेला, त्यामुळं वाचायला अडचण पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं... निदान ते घेऊन कुणाकडं तरी जावं लागलं असतं.

धाराशिवात आमची घरं पाठीला पाठ लावून. ते कचेरीत नक्कलनवीस, मी शाळामास्तर. कचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत आला आणि मोत्यासारखं उर्दू लिहिणारा हा माणूस पन्नाशीजवळ माझ्याकडं 'ग म भ न' गिरवायला आला. त्याची फेड म्हणून त्यांनी मला कलमं बांधायला शिकवलं. माझी विद्या त्यांना सहा महिन्यांत आली. त्यांची यायला मला तीन पावसाळे लागले. गुलाबाच्या फांद्या मी उलट्या खोवायचो. "मास्तर, झाडाला शीर्षासन घालायला लावता व्हय?" म्हणून ते पोट धरून हसायचे. माझ्या घरात हसणारं दुसरं कुणी नव्हतंच.

पुढं भाभी गेल्या, गफूरभाईंना पेन्शन लागली आणि मुलगा हैदराबादला बोलावू लागला. त्या आषाढात त्यांनी अंगणातल्या आंब्याला भेटकलम बांधलं. रोपाची कुंडी माचाणावर चढवली, रोपाची आणि फांदीची साल तासून दोन्ही एकमेकांना भिडवली, वरून सुतळी आवळली. "हे जमलं की घिऊन जातो. आपला आंबा सोडून तिकडं काय करू?" असं कलम दोन-अडीच महिन्यांत सुटं करतात. इथं दिवाळी झाली, संक्रांत झाली. मुलाचं पत्र आलं की गफूरभाई म्हणायचे, "अजून जीव धरला न्हाय त्यानं. जरा सबर करा." मला वाटलं, नजर अधू झाली, हात कापतो, सांगायला लाजत असतील. दुसऱ्याचं अडलेलं गणित सोडवून द्यायची मास्तराची खोड!

ते बहिणीकडं अणदूरला गेले असताना मी कलम कापलं. सांध्याच्या खाली फांदी, वर रोपाचा शेंडा, अगदी त्यांनी शिकवलं तसं. परत आल्यावर ते कुंडीपाशी उकिडवे बसले, सांध्यावरून अंगठा फिरवला. "लई सफाईनं कापलंत, मास्तर," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता घरात गेले.

आठवड्याभरात सामान बांधलं. एसटीत कुंडी मांडीवर घेऊन बसले होते. खिडकीतून म्हणाले, "मला वाटलं हुतं, तुमी ऱ्हावा म्हणाल." मी म्हणालो, "मुलगा बोलावतोय, जायलाच पाहिजे तुम्हाला." मला राहा म्हणायचं होतं हो! पण बापलेकांच्या मधे मी कोण, असं वाटलं... गाडी सुटली.

परवा मुलाचं दुसरं पत्र आलं. कलम जगलंय, पण अब्बांनी ते वर्षभर जमिनीत लावू दिलं नाही. परत न्यायचंय, म्हणायचे. आता त्याचं काय करू, असं विचारलंय. मी उलट टपाली लिहिलं, इकडं घेऊन ये. माझ्या परसात खड्डा खणून ठेवलाय. अजून उत्तर नाही. रोज सकाळी त्यात पडलेला पाला तेवढा काढून टाकतो.