नोव्हेंबरातली घाई

नोव्हेंबर लागला की रोवेनाला जानेवारीची धास्ती पडते. अमेरिकेतल्या आमच्या डुलुथ गावात, टेकडीवर तिचं छोटं समुपदेशन केंद्र आहे. मी तिथे फोन घेते, भेटी ठरवते आणि तिची कुरकुर ऐकते. केंद्रातले तिघे समुपदेशक पगारी नाहीत, कंत्राटावर आहेत. त्यांना वर्षभरात काय दिलं ते जानेवारीअखेर करखात्याला कळवावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येकाचं कायदेशीर नाव, पत्ता, कर क्रमांक सहीनिशी लागतो. सगळं जग हे जानेवारीत धावतपळत उरकतं. पण मागे एकदा कुणाचं तरी नाव चुकून रोवेनाला दंड बसला होता. दुधाने तोंड पोळलेली ही बाई आता ताक फुंकून पिते. यंदा तिला नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच सगळे कागद हातात हवे होते.

दोघांनी लगेच दिले. कॅमिल देईना. ती लहान मुलांना बघते, आणि खरं सांगायचं तर केंद्र तिच्याच जिवावर चालतं. रोवेना आठवण करायची, ती गोड हसून "हो गं, देते" म्हणायची, आणि कागद काही यायचा नाही. मग रोवेनाच्या डोक्यात भुंगा शिरला की ही सोडून चाललीय. ती मला विचारायची, कॅमिलच्या खोलीतली पुस्तकं कमी झाल्यासारखी वाटतात का? तिलाच विचार की, मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले. दिवसभर नवराबायकोंना 'मनातलं बोला' सांगणारी ही! पण आमच्या गावाची रीतच तशी, पोटात काहीही असो, ओठावर हवापाणी. दोघी कॉफीपाशी भेटल्या की बर्फाबद्दल बोलायच्या.

शेवटी माझंच डोकं फिरलं. एका दुपारी दोघींना टेबलाशी बसवलं, मध्ये भोपळ्याचा केक ठेवला आणि रोवेनाला म्हटलं, विचार आता.

"तू चाललीयस का?" रोवेनाने केककडे बघत विचारलं.

"मी? केंद्र तर तू बंद करतेयस ना?"

कॅमिलच्या आधीच्या दवाखान्यातही मालकाने असेच नोव्हेंबरात कागद मागितले होते, आणि नाताळात दाराला कुलूप लावलं होतं. तिच्याकडे येणाऱ्या मुलांना तेव्हा धड निरोपही मिळाला नव्हता. तो सल तिच्या मनातून गेलेला नाही.

रोवेनाला सुटल्यासारखं झालं, ती हसायलाच लागली. "अगं वेडे, मी घाबरट आहे म्हणून लवकर मागते. मला फक्त जानेवारीत नीट झोपायचं होतं."

कॅमिल हसली नाही. "मुलांना निरोपाची तयारी लागते, रोवेना. मी ज्युनिपरला सांगून टाकलं, की आपल्या भेटी आता संपणार. आठवण म्हणून खेळायच्या वाळूच्या पेटीतला तिचा लाडका छोटा घोडाही दिला."

ज्युनिपर सात वर्षांची आहे. तिची आई घर सोडून गेली, आणि कॅमिलशी चार शब्द बोलायला तिला अख्खा उन्हाळा लागला होता. मला फार वाईट वाटलं. केक तसाच राहिला.

कॅमिलने त्याच दुपारी सही केली. पुढच्या भेटीला रोवेना स्वतः दारात थांबली. ज्युनिपरसमोर गुडघ्यांवर बसून म्हणाली, चूक माझी होती, कॅमिल कुठेही जात नाहीये, वाटलं तर घोडा परत वाळूत ठेव.

ज्युनिपरने सगळं नीट ऐकून घेतलं. घोड्यावरचा हात काही खिशातून काढला नाही.

"असू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "पुढच्या वेळेला कुणी गेलं की लागेल."