कैनाडच्या गवतावर उतरलेलं ऑस्टर

मी या ग्रुपवर नेहमी फक्त वाचते. असे अनुभव वाचून मनातल्या मनात त्यांच्यातल्या चुका शोधायची मला सवय आहे... कोणी अर्धवट झोपेत असतं, कोणाला ताप असतो, कोणी आधीच घाबरलेलं असतं. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. मी पूर्ण जागी होते, ताप नव्हता, आणि दुपारचे चार वाजले होते.

डिसेंबर २०१६. आम्ही डहाणू रोडला राहतो. आईचे मामा, म्हणजे आम्हा सगळ्यांचेच नानामामा, जवळच्या कैनाड गावात, मामी गेल्यापासून एकटे राहायचे. ते हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते; विमानाचा सांगाडा, पंख, चाकं ही त्यांची जबाबदारी. दर गुरुवारी मी शेअर रिक्षाने त्यांची औषधं घेऊन जायचे. आम्ही दोघंही कमी बोलणारे, त्यामुळे आमचं छान जमायचं.

एका विषयावर मात्र ते भरभरून बोलायचे. एकाहत्तरच्या युद्धात त्यांची नेमणूक तोफखान्याच्या छोट्या विमानांवर होती. ऑस्टर. एक इंजिन, नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून रंगवलेलं कापड.

"बंदूक नाही, बॉम्ब नाही," नानामामा सांगायचे. "आमचे कॅप्टनसाहेब विमान घेऊन एकटे झाडांच्या शेंड्यांना लागून जायचे, पटकन वर यायचे, आपला गोळा कुठे पडला ते बघायचे आणि रेडिओवर सांगायचे... दोनशे पुढे, थोडं डावीकडे. खालून सगळे त्यांच्यावर गोळ्या झाडतायत, आणि आवाज असा की जणू भाजीची यादी सांगतायत."

"भीती नाही वाटायची त्यांना?"

"वाटायची की. उतरल्यावर चहाचा कप दोन हातांनी धरायचे. पण दुसऱ्या दिवशी परत जायचे. माणूस असा असतो, बाळ."

मला विमानांतलं काही कळत नाही, पण त्यांचं ऐकताना मला त्या कापडी विमानाचा आणि त्यात बसणाऱ्यांचा फार अभिमान वाटायचा.

त्या गुरुवारी मात्र ते गप्प होते. येत्या रविवारी एक बाई त्यांना भेटायला येणार होत्या. त्यांच्या कॅप्टनसाहेबांची धाकटी बहीण, नाशिकहून. साहेब एका संध्याकाळी उडाले ते परतलेच नव्हते. ना विमान सापडलं, ना ते. त्या दिवशी धावपट्टीवर कोण होतं याचा शोध घेत घेत त्या ताई इतक्या वर्षांनी नानामामांपर्यंत पोचल्या होत्या.

"तू पण ये रविवारी," ते म्हणाले. "मी सांगणार आहे, मला काही आठवत नाही."

"खरंच आठवत नाही?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी मामींनाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यांची धावपट्टी म्हणजे सीमेजवळचं एक साधं शेत. वरून ते ओळखू येऊ नये म्हणून विमान परत येईल तेव्हाच जमिनीवर पांढऱ्या कापडाचा मोठा T पसरायचा. वारा ज्या दिशेने येतो तिकडे आडवी पट्टी. पायलट ते बघून उतरणार. हे काम नानामामांचं. त्या संध्याकाळी कापड पसरून झालं, तेवढ्यात शत्रूची विमानं येत असल्याची सूचना आली. हुकूम आला की कापड घडी करा, कोणी बाहेर पडायचं नाही. नानामामांनी घडी केली. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला. दोन चकरा झाल्या. मग आवाज लांब गेला.

"ते आपलंच ऑस्टर होतं. रोज हात लावायचो मी त्याला, आवाज ओळखणार नाही? कापड माझ्या मांडीवर होतं, आणि मी खंदकात बसून राहिलो."

मी गोळ्यांची पाकिटं पुन्हा एकदा मोजली.

आणि तेव्हाच आवाज आला. रानशेत गावाच्या बाजूने... जुन्या मोटरसायकलसारखा, पण सलग आणि वरून. दमणकडची हेलिकॉप्टरं किनाऱ्यावरून जातात, त्यांचा आवाज मला पाठ आहे. हा तो नव्हता. मी अंगणात आले. आकाश स्वच्छ होतं, आणि त्यात काहीच नव्हतं. आवाज मात्र डोक्यावरून गेला, वळला आणि परत आला.

अंगणात नानामामांकडे कामाला येणाऱ्या जानकीबाई चिकूच्या फोडी वाळत घालत होत्या. त्याही वर बघत होत्या. "इमान कुठंय गं? आवाज तर इथंच आहे!"

नानामामा दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता.

"एक चक्कर झाली," ते म्हणाले. "कापड आण. पळ!"

पांढरं कापड म्हणजे फोडींखालचीच लांब कापडं होती. मी ती सरळ ओढली.

"अगं पोरी, दोन दिस सुकवल्यात मी! मातीत घालतेस का?"

"सॉरी जानकीबाई, सॉरी..." म्हणत मी पळाले. एरवी चारचौघांत मी रस्ता ओलांडतानाही लाजते.

घरामागे नानामामांचं लांबलचक शेत आहे. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी मधले सगळे बांध काढून टाकले. पाणी थांबेना, भात होईना, म्हणून तिथे गवत वाढवायचे. गाव हसायचं. मिलिटरीवाल्याला शेती कळत नाही म्हणायचं. गवत नुकतंच कापून झालं होतं. त्यांनी चिमूटभर पेंढा हवेत उडवला. वारा समुद्राकडून होता.

"आडवी पट्टी पश्चिमेला! ताण... दगड ठेव!"

मी गुडघ्यांवर बसून दगड ठेवत होते तेव्हा आवाज पूर्वेकडे गेला आणि एकदम मंद झाला. शेतातले बगळे सगळे एकदम उठले. मग काहीतरी माझ्या बाजूने गेलं. मला दिसलं नाही. गार झोत लागला आणि पेट्रोलचा वास आला, एवढंच सांगू शकते. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

नानामामांनी शेताच्या कडेच्या बांधावरच्या दोन विटा उचलल्या, रिकाम्या शेतात चालत गेले, आणि चाकांना टेकण लावावं तशा काळजीपूर्वक जमिनीवर ठेवल्या. मग ताठ उभे राहिले. मी मान वळवली. ते बघायचा मला हक्क नव्हता असं वाटलं.

नंतर मी गवत तपासलं, कारण माझा स्वभावच तसा आहे. दोन रुंद रेघा होत्या, आणि मधे एक बारीक. बैलगाडी म्हणावी तर ही तिसरी रेघ कुठून आली? आणि ती बाकी दोन रेघांच्या बत्तीस पावलं पुढे सुरू होत होती. मी नानामामांना विचारलं.

"शेपटीचं चाक," ते म्हणाले. "ते नंतर टेकतं."

हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणजे मी कल्पना केली असती तर तिन्ही रेघा सोबतच सुरू झाल्या असत्या. शेजारच्या पाड्यावर विचारलं, तिथे कोणी काही ऐकलं नव्हतं. फोनवर काढलेल्या फोटोंत नुसतं ऊन पडलेलं गवत दिसतं. जानकीबाई आजही शपथेवर सांगतात की आवाज होता, आणि फोडी वाया गेल्या हेही सांगतात. याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही, आणि स्पष्टीकरण तर अजिबात नाही.

रविवारी ताई आल्या. सत्तरीच्या, सुती साडी, पाठ ताठ. नानामामांनी चहासुद्धा येऊ दिला नाही.

"ताई, साहेब परत आले होते. दोन चकरा मारल्या त्यांनी. कापड मी घडी केलं होतं, आणि आवाज ओळखूनही पसरलं नाही."

मला वाटलं आता उठून जातील. मग नानामामांनी गुरुवारचं सांगितलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त मान हलवली.

त्या उठल्या, पण शेताकडे निघाल्या. चपला काढल्या आणि त्या रेघांवरून सावकाश चालत गेल्या, जिथे तिन्ही संपतात तिथपर्यंत. पुढे कापलेल्या गवताचे खुंट जसेच्या तसे उभे होते. परत उडाल्याची एकही खूण नव्हती.

"इथून कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"गेले नाहीत, ताई," नानामामा म्हणाले. "उतरले."