सासूसुनेची बिडी

"औंदा नाय झालं तर पोराचं दुसरं लगीन लावनार," सुमनची सासू माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली. सुमन शेजारी खाली मान घालून उभी होती.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी स्त्रीरोगतज्ज्ञ, मुरबाडला माझा दवाखाना. सुमन धसईजवळची, सव्वीस वर्षांची, लग्नाला सात वर्षं झालेली. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा तीन महिन्यांच्या आत गर्भ पडला. नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल, तिच्या गर्भनळ्या मोकळ्या. त्या दिवशी कल्याणहून एफएसएचचा रिपोर्ट आला होता. अंडाशयात अंडी कमी उरली की हा हार्मोन वाढतो. सुमनचा आकडा चाळिशीतल्या बाईसारखा होता.

कारण सापडेना. बीपी घेताना तिचं बोट दिसलं. नखाशी पिवळा डाग. असे डाग मी पुरुषांच्याच हातावर पाहिले होते.

"बिडी ओढतेस?"

उत्तर सासूने दिलं. दोघी ओढत होत्या. सुमन तर लहानपणापासून. बापाची बिडी चुलीवर पेटवून द्यायची, विझू नये म्हणून दोन झुरके घ्यायची. आता तिला दिवसाला बिड्यांचा एक कट्टा लागायचा.

मी समजावलं. बाई जन्मते तेव्हाच तिची सगळी अंडी पोटात असतात, नवी तयार होत नाहीत. धुराने ती लवकर संपतात. उरलेल्यांत दोष येतो, मग दिवस राहिले तरी गर्भ टिकेलच असं नाही.

"मी ओढली, मला पाच झाली," सासू म्हणाली.

"आणि पडले किती?"

ती बोटांवर मोजू लागली. चौथ्या बोटावर थांबली. मग सुनेकडे वळली. "सोड गो. मी पन सोडते."

गेलेली अंडी परत येणार नाहीत, हेही मी स्पष्ट सांगितलं. दोघी दातांना लावायच्या ती मिश्रीही बंद करायला लावली, कारण तीही तंबाखूच. पहिले पंधरा दिवस दोघींची डोकी दुखली, घरात भांडणं झाली. नवऱ्याने बिडी पेटवली की सासू त्याला अंगणात काढायची. शेवटी कंटाळून त्यानेही सोडली. म्हसाच्या जत्रेत आपण दोन झुरके मारले, अशी कबुली सासूने मला स्वतःहून दिली. सुमनने मात्र हात लावला नव्हता.

बिडी सोडल्यापासून अकराव्या महिन्यात सुमनची पाळी चुकली. तिसरा महिना सरला, गर्भ टिकला. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दाखवले तेव्हा सुमनआधी सासू रडली. पूर्ण दिवसांनी मुलगी झाली, पावणेतीन किलोची. दवाखान्यातल्या प्रत्येकाला सासूने स्वतःच्या हाताने पेढा भरवला. दुसऱ्या लग्नाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बिडी सुटल्यामुळेच हे झालं, असं मी कागदावर सिद्ध करू शकत नाही. पण सात वर्षांत एकाही डॉक्टरने सुमनला तो प्रश्न विचारला नव्हता. पहिल्या तीन व्हिजिटना मीही नाही. केसपेपरवर 'व्यसन' असा रकाना असतो. बाई पेशंट असली की आम्ही तिथे न विचारताच 'नाही' लिहायचो. त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी तो रकाना विचारूनच भरला.