सोनाबाईंच्या हाताखालचं बटण

आईचा पाय मोडून पंधरवडा उलटला, तरी अपेक्षाला होटगीला माहेरी जाणं जमलं नव्हतं. होटगी काही साता समुद्रापार नाही. वडापच्या जीपमध्ये बसलं की पोचलंच. पण घरात सासरे आबासाहेब अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, आणि सोलापूरचा उन्हाळा. "अपेक्षा, पंखा लाव गं." लावून ती स्वयंपाकघरात वळते न वळते तोच, "गार लागतंय की, बंद कर." सासूबाई सोनाबाई दुपारभर शेजारच्या गौरम्माच्या ओट्यावर. बटणापाशी येरझाऱ्या घालून अपेक्षाचे पाय आणि डोकं दोन्ही बधिर व्हायची.

तिनं पंखा फोनवरून चालू-बंद करणारा रिले मागवला. काडेपेटीएवढी डबी. आबासाहेबांच्या उजव्या अंगठ्यात फोन दाबण्याएवढं बळ होतं.

"जुनी फिटिंग हाय वहिनी," वायरमन बोर्ड उघडून म्हणाला. "हितं रिलेला लागती ती न्यूट्रलची वायरच न्हाय. अख्खं घर उकलावं लागंल."

"मग राहू दे की," नवरा म्हणाला. त्याला सोपं होतं. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीलाच उगवायचा.

अपेक्षानं व्हिडिओ बघून बघून माग काढला. बोर्डात न्यूट्रल नसला तरी वर पंख्यापाशी असतोच. रिलेला न चालणारा रेग्युलेटर कधीचाच जळून गेलेला, तीही अडचण नव्हती. मेन स्विच पाडून, टेस्टर लावून ती स्टुलावर चढली आणि पंख्याच्या छताजवळच्या वाटीत रिले बसवला. खांदे भरून आले. आता एकच पथ्य होतं. भिंतीवरचं बटण कायम चालू हवं, नाहीतर रिलेलाच वीज मिळणार नाही. तिनं बटणाशेजारी चिठ्ठी डकवली : बंद करू नये.

आबासाहेबांनी पंखा लावला, थांबवला, परत लावला. "आता तुला हाका मारायचं कामच न्हाय की!"

दुसऱ्या दिवशी ती होटगीला गेली. "वाळलीस गं," म्हणत आईनं गालावर हात ठेवला. चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"पोरी, पंखा फिरंना," सासरे म्हणाले. "मी आपला दाबतोय, दाबतोय."

"मामा, लाइट गेली होती का?"

"व्हय, गेलती. आली पण."

अपेक्षाला तिथं बसूनच दिसलं. लाइट गेली की सोनाबाई घरभर फिरून बटणं बंद करायच्या. परत येताना दाब वाढतो, वस्तू जळतात, ही त्यांची लग्नापासूनची शिस्त.

"आत्या कुठं आहेत?"

"गौरम्माकडं. फोन हितंच टाकून."

अपेक्षानं कप खाली ठेवून पिशवी उचलली. आई दाराकडे बघत राहिली.

"आन् येऊ नगंस लगेच," आबासाहेब म्हणाले. "ओला पंचा घेतलाय छातीवर."

ती बसली. आई बोलत होती, तिचे कान मात्र फोनकडे.

संध्याकाळी ती घरी परतली, तर सोनाबाई दारातच उभ्या. "चिठ्ठी वाचली गं मी. पण लाइट गेल्यावर काय करायचं, ते कुठं लिहिलंवतंस?"

भांडायला अंगात त्राण नव्हतं. अपेक्षानं मेन स्विच पाडला, बटण काढून वायरी थेट जोडल्या, टेप गुंडाळला आणि भोकावर कोरी पट्टी बसवली.

सोनाबाईंनी पट्टीवरून हात फिरवला. "आन् जळाला पंखा म्हंजे?"

"जळू दे, आत्या. बाकीची सगळी बंद करा."

"परत जाणारेस व्हय होटगीला?"

"बघू."

"बघू काय बघू?" आतून आबासाहेब ओरडले. "उद्याच जा की. आन् आदी लाइट लाव, उकडतंय!"

अपेक्षानं मेन स्विच वर केला.