धुळ्याच्या काळ्या भिंतीतला गुलाबी दगड

सातपुडा किती जुना आहे?

मला माहीत नाही. पहिल्याच ओळीत कबूल करून टाकते, कारण मी जळगावला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करते आणि चोपड्याला आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. म्हणजे मला हे ठाऊक असायलाच हवं, असं सगळ्यांना वाटतं. सगळ्यांना म्हणजे मुख्यतः आबांना.

आबा म्हणजे माझे वडील. लोकांच्या स्वयंपाकघरात ओटे बसवण्याचं काम करतात. कडप्पा, ग्रॅनाइट, मार्बल, सांगाल तो दगड. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे घरातल्या सगळ्या प्रश्नांवर माझा हक्क आणि माझीच जबाबदारी. परवा गच्चीवर चहा पिताना आबांनी डोंगराकडे हनुवटी केली. "किती वरीसना शे हाऊ?"

मी सुरू झाले. "त्याचं असं आहे आबा, दगडाचं वय वेगळं आणि डोंगराचं वय वेगळं. आपल्याकडचा वरचा काळा दगड लाव्ह्याचा. त्याच्या खूप खाली ग्रॅनाइट आहे, तो कितीतरी जुना..."

"म्हंजे दगड जुना, वटा नवा," आबा म्हणाले, ओट्याला ते वटा म्हणतात, आणि कप विसळून कामाला गेले. मी जे परीक्षेत दोन पानं लिहून सांगितलं होतं, ते त्यांनी चार शब्दांत संपवलं.

पण माझं सगळं वेड त्या खालच्या ग्रॅनाइटसाठी आहे. जमिनीचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर चेपले जातात, डोंगर उभे राहतात, आणि खोल पोटात दगड वितळून पुन्हा गोठतो. तो ग्रॅनाइट. त्यात झिरकॉन नावाचे बारीक, वाळूपेक्षाही बारीक कण असतात. त्या कणांमधलं युरेनियम अतिशय सावकाश शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की ग्रॅनाइट कधी गोठला ते कळतं, म्हणजेच ते जुने डोंगर कधी उभे राहत होते ते कळतं. असे डोंगर, जे झिजून सपाट झाले आणि ज्यांच्या डोक्यावर नंतर आपला खानदेश बसला! मला हे कळलं त्या दिवशी मी हॉस्टेलच्या जिन्यात दोनदा वरखाली धावले होते.

अडचण एकच. खानदेशात ग्रॅनाइट जमिनीवर दिसतच नाही. सगळं काळं. आमच्या मॅडम मात्र म्हणाल्या, "धुळ्याकडे लाव्ह्याच्या उभ्या भिंती आहेत. भेगांमधून लाव्हा वर येताना कधीकधी खालच्या ग्रॅनाइटचे तुकडे घेऊन येतो. सोमवारपर्यंत नारळाएवढा ताजा तुकडा आणलास तर वय काढायच्या यादीत तुझं नाव घालते. नाही तर तुला प्रकल्पासाठी बोअरवेलच्या पाण्याच्या पातळ्या." बोअरवेलबद्दल मला आदर आहे. पण माझ्या हातात शनिवार आणि रविवार होता.

शनिवार : सोनगीर

चोपड्याहून एसटीने शिरपूर, तिथून धुळ्याच्या गाडीने सोनगीर. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे माझं संशोधन अर्ध्या खर्चात सुरू झालं. जानेवारीत जा, सकाळी तापीच्या पुलावर धुकं असतं. खिडकीची जागा उजवीकडची घ्या, डावीकडे ऊन येतं.

सोनगीरचा किल्ला महामार्गावरूनच दिसतो. चढ सोपा आहे, बूट मात्र चांगले हवेत, मुरूम घसरतो. दुपारपर्यंत मी किल्ल्याच्या आसपासचा प्रत्येक दगड भिंगातून पाहिला. पांढरं दिसलं की धावायचे. एकदा गारगोटी निघाली, एकदा चुना, एकदा कबुतराची कृपा.

आणि उतरून महामार्गाकडे येताना, रस्त्याच्या कडेच्या चरात, मातीत अर्धा रुतलेला, गुलाबी, मोठ्या दाण्यांचा, शुद्ध ग्रॅनाइट! मी तिथेच बसकण मारली. शेजारी पेन ठेवून सात फोटो काढले, मोबाईलवर जागेची नोंद केली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, "सापडला!!!" चौदा जणांनी अभिनंदन केलं. मग शेजारच्या ढाब्यावर तिखटजाळ शेवभाजी खाल्ली. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्ली, आणि ते आनंदाश्रू आहेत असं स्वतःला सांगितलं.

परतीच्या गाडीत कंडक्टरांनी माझी बॅग पायाने सरकवून पाहिली. ती सरकली नाही.

"ताई, काय भरलंय?"

"दगड."

"गावाकडं दगड संपले का?"

"ग्रॅनाइट आहे, काका."

"अस्सं! मग दोन-चार जास्तीचे आणायचे ना. आमच्या बाईसाहेब दोन वर्षं झाली ओट्यासाठी रुसल्यात."

घरी पोचताच मी तो दगड आबांसमोर ठेवला आणि ढाब्याजवळची जागा सांगितली. त्यांनी उचलला, उलटा केला, अंगठ्याने माती पुसली. खालची बाजू अगदी सपाट निघाली. काचेसारखी.

"हाऊ तं आम्हनाच माल शे," आबा म्हणाले. "कटरनी धार दख." मग थोडं आठवून म्हणाले, "तठला ढाबाना काउंटर मीच बसाडेल शे. उरेल तुकडा मीच फेकेल व्हतात."

त्याच काउंटरवर मी शेवभाजीचे पैसे दिले होते.

आई पोळपाट-लाटणं सोडून हसायला लागली. "बापनी फेकं, पोरनी उचलं!" मलाही हसू आलं, पण मध्येच ते रडण्याकडे वळायला लागलं. सहाशे-सातशे किलोमीटरवरच्या खाणीतला दगड मी खानदेशाखालच्या जुन्या डोंगरांचा पुरावा म्हणून आणला होता, आणि चौदा जणांनी अभिनंदन केलं होतं. मी ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. आता एकच दिवस उरला होता.

आबांनी हत्यारांची पेटी ओढून छिन्न्या पाहायला सुरुवात केली. "सकाय कथा जानं शे?" उद्या कुठे जायचं, ते विचारत होते.

रविवार : साक्री रस्ता

सकाळी सहाला मोटारसायकलवर निघालो. पुढे आबा, मध्ये हत्यारांचं पोतं, मागे मी. चोपडा ते अमळनेर, अमळनेर ते धुळे, थांबत थांबत दोन-अडीच तास. थंडी इतकी की अमळनेरला चहा हातात धरायलाच घेतला, प्यायला नंतर. धुळ्याहून साक्रीकडे निघालं की थोड्या वेळाने माळावर लांबच लांब काळ्या भिंती दिसायला लागतात. माणसाने बांधल्यासारख्या सरळ. भेगेत गोठलेला लाव्हा कठीण, आजूबाजूचा दगड त्यापेक्षा मऊ. मऊ झिजून गेला, कठीण उभा राहिला. फोटोसाठी सकाळी साडेनऊच्या आत पोचा, सावली भिंतीसारखीच लांब पडते.

अशीच एक भिंत एका वावरातून गेली होती. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. वेचणाऱ्यांतल्या एक अक्का, त्याच वावराच्या मालकीण, कमरेला ओटी बांधून सरळ आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कोठेन उनी व पोरी? काय दखी राह्यनी?"

तुम्हीही असं कुठे गेलात तर आधी शेताच्या मालकाला विचारा, हातोडी नंतर काढा. मी सगळं सांगितलं. दगडाचं वय, जुने डोंगर, सोमवार.

"दगडले काय वय ऱ्हास?" अक्का म्हणाल्या. मग आबांकडे वळल्या. "पोर भलती शिकेल शे तुमनी."

"शिकेल शे," आबा म्हणाले. एवढंच. पण टोपी नीट केली.

तासभर मी भिंतीच्या कडेने वाकून चालले आणि आबा माझ्यामागून हातोडीच्या दांड्याने दगड वाजवत चालले. काही नाही. काळं, काळं, काळं. शेवटी मी अक्कांना विचारलं, "या भिंतीत कुठे वेगळ्या रंगाचे डाग आहेत का हो?"

"आधी बोलानं ना! तठे निमना खाले भिंतले कोड फुटेल शे."

कडुलिंबाच्या झाडाखाली भिंतीला खरंच कोड फुटलं होतं. काळ्या गुळाच्या चिक्कीत शेंगदाणे असावेत तसे काळ्या दगडात फिकट तुकडे रुतले होते. काही सुपारीएवढे, काही लिंबाएवढे, कडा गोल झालेल्या, आणि मधोमध एक, नारळाएवढा, गुलाबी. भिंगातून पाहिलं. दाणे ताजे. यावेळी सपाट बाजू नव्हती, सगळ्या बाजूंनी काळ्या दगडाने त्याला मिठी मारली होती. तो तिथलाच होता, जमिनीच्या पोटातून वर येताना अडकलेला.

मी किंचाळले. अक्का साप समजून काठी घेऊन धावत आल्या.

मी हातोडी मारली, ती उडून परत आली. "थांब," आबा म्हणाले. भिंतीला कान लावून ते त्या तुकड्याभोवती हळूहळू वाजवत गेले. टण, टण, टण, ठप. ओट्याचा दगड घेताना ते असाच आवाज ऐकतात, आतली चीर आवाजातच कळते. जिथे ठप आलं तिथे त्यांनी छिन्नी लावली. अर्धा तास लागला. घाई नाही, एक घाव वाया नाही. आणि मग काळ्या सालीसकट तो तुकडा त्यांच्या ओंजळीत आला. बाळंतपण करणाऱ्या बाईसारखे ते त्याच्याकडे बघत होते.

मी नाचत होते. खरंच नाचत होते, कापसाच्या ओळींमध्ये, हातात मोबाईल घेऊन. तेवढ्या वेळात आबांनी दगड पोत्यात गुंडाळला आणि वरून सुतळी बांधली, पॉलिश केलेली लादी बांधतात तशी जपून.

अक्कांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. बांधावर बसून भरताच्या वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. पैसे विचारलेत तर रागावतील, मी विचारून पाहिलं. निघताना म्हणाल्या, "वय समजनं का माले सांग. मी मोठी का दगड मोठा ते तरी समजू दे."

घरी

संध्याकाळी आईने स्वयंपाकाच्या ओट्यावर जागा केली. आबांनी सुतळी सोडली. दगड दिव्याखाली चमचमत होता.

"केवढा चमकतो!" आई म्हणाली.

मी दगडावरून बोट फिरवलं आणि ते चमचमायला लागलं. ती चमक त्याची नव्हती. आबांचं ते पोतं कित्येक वर्षांचं, त्यात कापलेल्या ग्रॅनाइटची भुकटी भरलेली. कुठकुठल्या खाणींची, कुठकुठल्या वयांची. प्रयोगशाळेत हा दगड दळून त्यातले झिरकॉन वेचतात. भुकटीतले चार कण त्यात मिसळले तर खानदेशाखालच्या दगडाला भलत्याच प्रांताचं वय चिकटणार. कापसाच्या बियाण्यात दुसऱ्या वाणाचं बी पडावं तसं, आणि ते उगवल्याशिवाय कोणाला कळायचं नाही. मॅडमनी नव्या कोऱ्या पिशव्या दिल्या होत्या. त्या माझ्या बॅगेत घडीसकट होत्या.

धुऊन टाकावा आणि काही बोलूच नये, असं मनात आलं. आलं, खोटं कशाला बोलू. मी ते नमुन्याच्या अर्जात लिहिलं तर मॅडम नमुनाच नाकारतील, विषय जाईल. आणि आबांना सांगायचं तरी कसं, की तुम्ही इतकं जपून बांधलंत तेच चुकलं?

आबांनी माझा चेहरा पाहिला. मग मी सांगितलंच. त्यांनी पोतं उचलून उजेडात धरलं.

"म्हंजे मीच घान करी दिधी."

"नाही आबा. पिशव्या माझ्याकडे होत्या. मी नाचत होते."

ते थोडं हसले. "मंग लिख. जसा शे तसा लिख. लादीले चीर ऱ्हायनी तं मी घरमालकले पहिले सांगस. मंग तो ठेवो नही तं वापस करो."

मी नव्या ब्रशने दगड पाच पाण्यांतून काढला आणि कोऱ्या पिशवीत ठेवला. दुसऱ्या पिशवीत पोत्यातली चिमूटभर भुकटी घेतली, म्हणजे प्रयोगशाळेला कळावं की कशाचे कण वगळायचे. आबांनी आठवून आठवून त्या भुकटीत कुठकुठला माल असेल त्याची यादी सांगितली. एवढ्या खाणींची नावं मला पुस्तकातही सापडली नव्हती.

या दोन दिवसांतून काय उरलं म्हणाल, तर खांदेदुखी, अक्कांना दिलेला शब्द आणि आमच्या दारात पायरीपाशी ठेवलेला ढाब्याच्या काउंटरचा तुकडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई त्याची गोष्ट सांगते, दर वेळी माझा नाच थोडा लांबतो. मॅडमनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. सातपुडा किती जुना, तेही मला अजून माहीत नाही.

अर्ज मात्र मी सोमवारी सकाळी दोन्ही पिशव्यांसकट त्यांच्या टेबलावर ठेवला. 'नमुना कोणी काढला' या रकान्यात आबांचं पूर्ण नाव आहे. 'नमुन्यातले दोष' या रकान्यात पोतं आहे, आणि कोणी विचारलं नव्हतं तरी त्यापुढे माझं नाव.