वापस कव्हा?

एका दिवसाच्या सहली आखून देणारं अ‍ॅप मी बनवत होतो, तेव्हाची गोष्ट. गोदाकाठी जायला घनसावंगीत जीपमध्ये बसलो होतो. ड्रायव्हर चढणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "वापस कव्हा?" उत्तर ऐकून नुसती मान हलवायचा.

जीप भरेपर्यंत मी त्याला मोठ्या कौतुकानं अ‍ॅप दाखवलं. त्यानं अंगठा शर्टाला पुसला, मगच स्क्रीनला लावला. देवळं, घाट, जेवायची ठिकाणं, सगळं सावकाश पाहिलं.

"बराबर हाय. पन वापस कसं यायचं, ते कुठं दिसून न्हाई राह्यलं."

"शेवटच्या पानावर आहे."

"मंग माणूस तिथं अडकल्यावरच ते पान बघंल."

संध्याकाळी परतायला तीच जीप मिळाली. ती भरली, तरी हा थांबूनच. "टोपलीवाल्या मावशी यायच्यात," एवढंच म्हणाला. कुणी कुरकुरलं नाही. सकाळी मावशींसकट प्रत्येकानं त्याला आपापली परतीची वेळ सांगितलीच होती. मावशी आल्या, सगळे सरकून बसले.

आता माझं अ‍ॅप उघडलं की आधी परतीची वेळ विचारतं. ऑफिसातले म्हणतात, सुरुवातीला देखणे फोटो हवेत. त्यांना एकदा त्या जीपमध्ये बसवायला हवं.